हेन्री रेबेलो आणि तिहेरी उडी

कुस्ती आणि कबड्डी यांविषयी भिवंडीकरांना नवे सांगावे असे आमच्यापाशी काही नाही; ते ज्ञान येथे गल्लोगल्ली आहे. परंतु तिहेरी उडी नावाचा एक खेळ आहे. त्या खेळातील एका भारतीय तरुणाची कारकीर्द अशी आहे, की कष्टाने पोट भरणाऱ्या माणसांनी ती मुद्दाम समजून घ्यावी.

प्रथम खेळ समजून घेऊ. शाळेत ह्याला ‘हॉप-स्टेप-जंप’ म्हणतात. खेळाडू भरधाव धावत येतो आणि फळीवर एक पाय रोवून उडतो. ज्या पायाने उडाला त्याच पायावर तो उतरतो. ही झाली लंगडी. तेथून लांब ढांग टाकून तो दुसऱ्या पायावर येतो, आणि मग त्या पायाने शेवटची उडी घेऊन वाळूत पडतो. मोठ्या स्पर्धांत पुरुषांची फळी वाळूपासून निदान १३ मीटर दूर असते. म्हणजे वाळू दिसण्यापूर्वीच दोन झेपा कठीण जमिनीवर पार पाडाव्या लागतात. त्या वेळी एकेका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट, कधी दहापटीहूनही अधिक भार येतो. भार क्षणाचाच, पण तो पेलण्यासाठी मांडीचे स्नायू तापलेले आणि लवचीक असावे लागतात. थंड पडलेला स्नायू ताणला जात नाही, फाटतो. म्हणून खेळाडू अगोदर धावून, वाकून अंग गरम करतो आणि ती ऊब उतरण्याच्या आत उडी घेतो.

आता त्या तरुणाकडे वळू. हेन्री रेबेलो यांचा जन्म १९२८ सालचा. १९४८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी भारतात ५० फूट २ इंच, म्हणजे सुमारे १५.२९ मीटर उडी मारली. त्या काळी ही जगातील उत्तम उड्यांपैकी एक होती. १९२८, १९३२ आणि १९३६ ह्या तिन्ही ऑलिंपिकांत तिहेरी उडीचे सुवर्णपदक जपानने नेले होते. महायुद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणे नव्हते. मैदान मोकळे होते, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा हा पोरसवदा खेळाडू पदकाचा दावेदार मानला जात होता.

रेबेलो अंतिम फेरीत पोहोचले. अंग गरम करून ते धावपट्टीवर उभे राहिले, तोच एका अधिकाऱ्याने त्यांना थांबविले. दुसऱ्या एका शर्यतीचा पदकदान समारंभ सुरू होणार होता. हवा गार होती. समारंभ आटोपल्यावर उडी घेण्याची सूचना झाली आणि ते तसेच धावत सुटले. उडी घेताना मांडीमागचा स्नायू फाटला. स्पर्धा तेथेच संपली. स्वीडनच्या आर्ने ओहमानने १५.४० मीटर उडीवर सुवर्णपदक मिळविले, आणि तुर्कस्तानच्या रुही सारिआल्पला १५.०२ मीटरवर कांस्यपदक मिळाले. रेबेलो यांची भारतातील उडी ह्या कांस्यपदकाहून सत्तावीस सेंटिमीटर अधिक होती. पुन्हा ते ऑलिंपिकमध्ये उतरले नाहीत. पुढे हवाई दलात ते ग्रुप कॅप्टन झाले आणि २०१३ साली वारले.

ह्याला दैव म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. आपल्या गावात मागावर काम करणाऱ्यास ठाऊक आहे की माग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, तर त्या जागी कापडावर पट्टा उमटण्याची भीती असते. म्हणून जाणता कारागीर सुरू करण्यापूर्वी ताणा पाहतो, हाताने माग थोडा फिरवतो. लाकूड-लोखंडाच्या यंत्राला जेवढी सवड देतो, तेवढी माणसाच्या देहाला नको काय? पाच मिनिटे मिळती, तर रेबेलो यांचे अंग पुन्हा तापले असते. परंतु भरल्या मैदानात, परक्या देशात, अधिकाऱ्यापुढे उभे राहून ‘मला पाच मिनिटे द्या’ असे म्हणण्याचे धैर्य एकोणीस वर्षांच्या पोराने कोठून आणावे? ते शब्द त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलायचे असतात. संघटना ह्या शब्दाचा अर्थ आम्ही एवढाच समजतो.

त्याच लंडन ऑलिंपिकला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले होते. कुस्तीत ते सहावे आले. परंतु त्यांना दुसरी संधी मिळाली, आणि ती आपोआप मिळाली नाही. १९५२ च्या हेलसिंकीसाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोघेही गुणी होते. एकाच्या पाठीशी माणसे उभी राहिली, दुसऱ्यासाठी पाच मिनिटेही कोणी मागितली नाहीत.

तिहेरी उडी मात्र भारतात मेली नाही. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धांत मोहिंदर सिंग यांनी, तर १९७० साली बँकॉकला मोहिंदर सिंग गिल यांनी सुवर्णपदक मिळविले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांत एल्डोस पॉलने १७.०३ मीटर आणि अब्दुल्ला अबूबकरने १७.०२ मीटर उडी मारून पहिले दोन्ही क्रमांक घेतले. २०२३ साली हवानाला प्रवीण चित्रवेलने १७.३७ मीटर गाठले. रेबेलो यांच्या उडीहून हे दोन मीटरांवर अधिक आहे. हाडामासांचा माणूस तोच. भोवती प्रशिक्षक, वैद्य आणि चांगली धावपट्टी आली, म्हणून अंतर वाढले.

भिवंडीतही लंगडी घालणारी पोरे आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या पायात अशी उडी असेलही. बारा तासांच्या पाळीनंतर थंड अंगाने त्याला वाळूत पाठवून पदकाची वाट पाहणे हा न्याय नव्हे. त्याला मैदान हवे, पोटभर अन्न हवे, खेळाला वेळ हवा, आणि गरज पडेल तेव्हा त्याच्यासाठी पाच मिनिटे मागणारा माणूस हवा. उडी त्याची त्यालाच घ्यावी लागेल. बाकीचे काम आपले आहे.