घरीं ठेवलेली बिटकॉइनची वही

जुन्या पेढीवर हिशेबाच्या दोन मुख्य वह्या असत. रोज घडलेला प्रत्येक व्यवहार जींत क्रमानें टिपला जाई ती रोजकीर्द, आणि कोणाच्या नांवावर काय शिल्लक राहिलें हें जींत उतरविलें जाई ती खतावणी. दोन्ही वह्या पेढीच्या ताब्यांत असत, आणि गिऱ्हाइकाला मुनीमाच्या शब्दावर विसंबावें लागे. आजच्या बँकेंत वही कागदाची उरली नाहीं. परंतु वही ठेवणारा आणि तिच्यावर विसंबणारा यांच्यांतील अंतर जसेंच्या तसें आहे.

हें अंतर नाहींसें करावें, ही बिटकॉइनची मूळ कल्पना होय. सातोशी नाकामोतो असें नांव घेतलेल्या अज्ञात लेखकानें तिचा नऊ पानांचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्या वहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. या पानाला 'ब्लॉक' म्हणतात. सरासरी दर दहा मिनिटांनीं एक नवें पान तयार होतें, आणि प्रत्येक पानावर मागील पानाची गणिती खूण असते. म्हणून जुन्या पानांत एक अक्षर बदललें तरी पुढील सर्व खुणा चुकतात. या वहीला मालक नाहीं. तिच्या प्रती जगभर हजारों संगणकांवर आहेत. येणारें प्रत्येक पान स्वतः तपासून वही राखणारा असा संगणक म्हणजे 'नोड'.

येथें एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. घरीं संगणक अखंड चालू ठेवला म्हणजे बिटकॉइनची कमाई होते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. नवीं पानें तयार करणारे 'मायनर' निराळे. त्यांचीं यंत्रें त्याच एका कामासाठीं घडविलेलीं असतात, तीं अतोनात वीज खातात, आणि मोबदला त्यांनाच मिळतो. नोड हा नुसता तपासनीस आहे; त्याला वेतन नाहीं. त्याचा लाभ एवढाच कीं, आपल्या नाण्याविषयीं घरमालकाला परक्याच्या शब्दावर अवलंबून राहावें लागत नाहीं.

तपासणी कशाची? खर्च करणाऱ्याची सही खरी आहे काय, तेंच नाणें पूर्वीं खर्चिलें गेलें नाहीं ना, आणि मायनरनें नियमाहून अधिक मोबदला घेतला नाहीं ना, हे तिचे मुख्य प्रश्न. मोबदला आरंभीं दर पानास ५० नाणीं होता. दर २,१०,००० पानांनंतर तो निम्मा होतो. एप्रिल २०२४ मध्यें तो ३.१२५ वर आला. या नियमामुळें नाण्यांची एकूण संख्या २ कोटी १० लाखांपुढें जाऊं शकत नाहीं. नियम मोडणारें पान नोड टाकून देतो व पुढें पाठवीत नाहीं, मग तें पाठविणारा कितीहि बलाढ्य असो.

या तपासणीचें महत्त्व १५ ऑगस्ट २०१० रोजीं दिसून आलें. आज्ञावलींतील एका दोषामुळें फार मोठ्या आंकड्यांची बेरीज चुकत असे. त्याचा फायदा घेऊन कोणीतरी एकाच व्यवहारांत १८,४०० कोटींहून अधिक नाणीं निर्माण केलीं. कांहीं तासांतच दुरुस्त आज्ञावली तयार झाली, नोड चालविणाऱ्यांनीं ती घेतली, दूषित पान नाकारलें गेलें, आणि त्याच्या आधींच्या पानापासून वही नव्यानें पुढें चालली. ज्यांच्यापाशीं वही होती, त्यांच्या नकारानेंच हें काम झालें.

दुसरा प्रसंग २०१७ सालचा, आणि तो थेट खर्चाच्या प्रश्नाशीं निगडित आहे. त्या वर्षीं मे महिन्यांत अनेक मोठ्या कंपन्यांनीं व मायनरांनीं मिळून पानाची कमाल मर्यादा दुप्पट करण्याचा करार केला. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. पानांत जागा अपुरी पडून व्यवहाराचें शुल्क वाढत होतें. विरोधकांचें उत्तर असें कीं, पान मोठें झालें म्हणजे वही लवकर फुगेल, सामान्य घरांतील संगणकाला ती पेलणार नाहीं, आणि मग वही ठेवण्याचें काम मूठभर धनवंतांच्या हातीं जाईल. मोठ्या पानांचा आग्रह धरणारा एक गट १ ऑगस्ट २०१७ रोजीं वेगळा झाला, व त्यानें बिटकॉइन कॅश हें निराळें नाणें सुरू केलें. दुप्पट पानाची योजना ८ नोव्हेंबर रोजीं, पुरेशी एकवाक्यता नसल्याचें सांगून, तिच्या पुरस्कर्त्यांनींच मागें घेतली. बेताच्या खर्चांत नोड चालणें ही केवळ काटकसरीची बाब नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां प्रत्यक्ष खर्चाकडे वळावें. पहिला प्रश्न जागेचा. २०२५ सालीं ही रोजकीर्द ६०० गिगाबाइटांहून मोठी झाली होती, आणि ती दरवर्षीं वाढते. ज्याला संपूर्ण प्रत हवी त्यानें दोन टेराबाइटांची एसएसडी घेणें दूरदर्शीपणाचें ठरेल. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क स्वस्त पडते. परंतु शिल्लक ताडून पाहतांना नोडला क्षणोक्षणीं ठिकठिकाणचें वाचावें लागतें, आणि तेथें तबकडी मागें पडते.

ज्याला एवढा खर्च परवडत नाहीं, त्याच्यासाठीं छाटणीचा मार्ग आहे. या पद्धतींत नोड पहिल्यापासून सर्व पानें मागवितो, तपासतो, खतावणींत शिल्लक उतरवितो, आणि मग जुनीं पानें पुसून टाकतो. 'बिटकॉइन कोअर' या प्रमुख आज्ञावलींत शेवटचीं ५५० मेगाबाइटांचीं पानें राखलीं तरी भागतें. खतावणीला दहा-बारा गिगाबाइट लागतात. तेव्हां तीस-चाळीस गिगाबाइट मोकळी जागा पुरेशी होते. छाटलेला नोड तपासणींत उणा नसतो. नव्या सोबत्याला जुनीं पानें मात्र तो देऊं शकत नाहीं, आणि मालकाला जुना व्यवहार शोधावयाचा झाल्यास पानें पुन्हां मागवावीं लागतात.

छाटणीनें पहिल्या खेपेचा भार कमी होत नाहीं, हें विसरूं नये. सहाशें गिगाबाइट एकदां घरांत यावेच लागतात. इंटरनेटच्या जोडणीला मासिक मर्यादा असल्यास ती आधीं पाहावी. चांगल्या यंत्रावर हें काम एक-दोन दिवसांत आटोपतें, दुबळ्यावर आठवडा किंवा अधिक लागतो. त्यानंतर दुसऱ्यांना पानें पुरविण्यांत बरेंच वहन खर्चीं पडतें. त्यालाहि आज्ञावलींत मर्यादा घालतां येते.

दुसरा प्रश्न यंत्राचा. घरांत पडून असलेला लॅपटॉप बहुधा पुरतो, आणि बॅटरीमुळें वीज गेली तरी तो एकाएकीं बंद पडत नाहीं. नवें घ्यावयाचें तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आहे. त्याच्या पांचव्या आवृत्तीची आठ गिगाबाइट स्मृतीची प्रत २०२३ सालीं ८० डॉलरांस निघाली. तो एसएसडीसह सुमारें दहा वॅट घेतो असें धरलें, तर महिन्याला ७.२ युनिटें होतात; युनिटास दहा रुपये दरानें ७२ रुपये. उलट साठ वॅट घेणारा जुना डेस्कटॉप महिन्याला ४३.२ युनिटें, म्हणजे ४३२ रुपयांची वीज जाळील. फुकट मिळालेलें यंत्र नेहमींच स्वस्त नसतें, हा हिशेब प्रथम करावा.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी. यंत्र एकाएकीं बंद पडल्यास खतावणी बिघडूं शकते, व मग ती पुन्हां बांधण्यांत दिवस जातात. वही मेमरी कार्डावर ठेवूं नये. सततच्या लेखनानें तें झिजतें. आज्ञावली मूळ प्रकाशकांकडूनच घ्यावी आणि तिची सही पडताळून पाहावी. परीक्षकच खोटा असेल तर परीक्षेला अर्थ नाहीं. नेहमींच्या मांडणींत आज्ञावली एका ठराविक पानापूर्वींच्या सह्या खऱ्या मानून चालते. ज्याला त्याहि तपासावयाच्या असतील त्यानें ती सवलत बंद करावी. वेळ मात्र वाढेल. आणि ज्या गुप्त किल्लीनें नाणीं खर्चितां येतात ती नोडच्या यंत्रावर ठेवण्याचें कारण नाहीं.

नोड चालविणें म्हणजे नाणें विकत घेणें नव्हे. नाण्याची किंमत वेगानें चढते व उतरते, आणि भारतांत तें कायदेशीर चलन नाहीं; त्यावरील नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के प्राप्तिकर आहे. तो विचार ज्यानें त्यानें स्वतंत्रपणें करावा. ज्याच्यापाशीं असलें नाणें नाहीं, त्याला नोडची गरजहि नाहीं. परंतु ज्यानें तें घेतलें आहे आणि शिल्लक मात्र तो दुसऱ्याच्या यंत्रावर पाहतो, तो अजून मुनीमाच्याच शब्दावर विसंबून आहे. जुन्या लॅपटॉपवर महिन्याच्या थोड्या विजेंत ती वही त्याला स्वतः तपासतां येते. अशीं घरें जितकीं अधिक, तितके त्या वहीचे नियम परस्पर बदलणें कोणालाहि कठीण.