पैठणहून समुद्राकडे : दहिसरच्या जुन्या घराण्यांचा माग

दहिसरच्या कुठल्याही नव्या इमारतीत राहायला गेलात की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "तुम्ही मूळचे कुठले?" मग सावंतवाडी निघते, संगमेश्वर निघतं, साताऱ्याकडचं एखादं गाव निघतं. गावठाणात मात्र हाच प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं असतं : "आम्ही इथलेच." म्हात्रे, पाटील, राऊत, चौधरी अशी ही घरं. त्यांच्या विहिरी इमारतींखाली गेल्या, भातशेतीवर रस्ते आले, तरी गावदेवीचा मान अजून त्यांच्याकडे आहे. पण त्यांतल्याच सोमवंशी क्षत्रिय पाठारे घराण्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्याजवळ निवांत बसून कुळाचा विषय काढला, की हळूच वेगळी गोष्ट बाहेर येते. "आमचे पूर्वज पैठणकडून आले. बिंबराजाबरोबर." म्हणजे इथलेच असलेलेही कधीकाळी घाट उतरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने आले होते.

पश्चिमेला निघालेल्या घराण्यांचा माग काढणं हा अमेरिकेत घरोघरचा उद्योग आहे. १७७५ मध्ये डॅनियल बूनने कंबरलँडच्या खिंडीतून वाट पाडली आणि त्यानंतरची शंभर वर्षं माणसं बैलगाड्या जुंपून पश्चिमेला सरकत राहिली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन देऊ केली. मुख्य अट : पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. त्या वाटचालीचा सगळ्यात बोलका पुरावा जनगणनेत सापडतो. १८५० पासून तिथल्या जनगणनेत घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थान लिहू लागले. थोरला मुलगा व्हर्जिनियात जन्मलेला, मधली मुलगी केंटकीत, धाकटा मिसुरीत, एवढं वाचलं की त्या कुटुंबाची गाडी कुठे किती वर्षं थांबली ते कळतं. त्यांच्याकडेही खिंडारं आहेत. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेले, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या जनगणनेमधल्या वीस वर्षांत कितीतरी घराण्यांचा माग तुटतो.

आपल्याकडे जनगणनेतली घराघराची माहिती कायद्याने गोपनीय असते. ती कुणाला बघायला मिळत नाही. मग दहिसरच्या एखाद्या घराने आपली वाट शोधायची कशी?

बहुतेक जण थेट 'महिकावतीच्या बखरी'कडे धाव घेतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह छापली. महिकावती म्हणजे आजचं केळवे-माहीम. बखरीतले भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले आहेत. जुना भाग केशवाचार्यांचा, शके १३७० चा, म्हणजे इसवी सन १४४८ च्या आसपासचा. त्या कथनात दहिसरपासून तीन स्टेशनांवरच्या मालाडचे नायकोराव येतात, आणि 'महाराष्ट्र धर्म' हा शब्दही येतो. प्रतापबिंब राजा उत्तर कोकणात उतरला, त्याच्याबरोबर ६६ कुळं आली, त्यांना गावं आणि वतनं वाटून दिली, अशी ही परंपरा. कुळ, गोत्र, गाव असं सगळं क्रमाने असल्यामुळे आपलं आडनाव तिथे दिसलं की माणूस हरखून जातो.

इथेच सावध व्हायला हवं. एका परंपरेप्रमाणे प्रतापबिंब शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ च्या सुमारास आला. दुसरी परंपरा बिंबदेवाला देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा मानते आणि त्याचं येणं १२९४ च्या आसपास ठेवते. दोन्हींत दीडशे वर्षांचं अंतर. शिवाय ११३८ मध्ये उत्तर कोकणात ठाण्याच्या शिलाहारांचं राज्य चांगलं नांदत होतं. पहिल्या अपरादित्याचे त्या काळातले लेख उपलब्ध आहेत. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर १२६५ च्या सुमारास यादव महादेवाशी समुद्रावर लढताना मारला गेला. दहिसरला लागूनच बोरिवलीतल्या एकसर गावात जे वीरगळ उभे आहेत त्यांवर वल्ह्यांनी चालणाऱ्या जहाजांची रांग आणि समुद्रावरचं युद्ध कोरलेलं आहे. काही अभ्यासक ते याच लढाईशी जोडतात. एकसरचे ते दगड मला बखरीइतकेच महत्त्वाचे वाटतात. देवगिरीची सत्ता इथल्या किनाऱ्यापर्यंत पोचली, तिच्यामागोमाग घाटावरची माणसं आली असणार, हे त्या दगडांसमोर उभं राहिलं की पटतं. पण त्या माणसांत आपला पणजोबाचा पणजोबा होता असं म्हणण्यासाठी मधल्या साडेसहाशे-सातशे वर्षांचे दुवे लागतात. बखरीतलं कुळ आणि शिधापत्रिकेवरचं आडनाव यांच्यात सरळ रेघ ओढणं म्हणजे पंचवीसएक पिढ्या गाळणं.

म्हणून वंशावळ आजपासून मागे जावी, एकेक पिढी धरून. दहिसरच्या बाबतीत हा प्रवास पहिल्यांदा तलाठ्याच्या दफ्तरात नेतो. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण घराण्याचा इतिहास फेरफारात असतो, गाव नमुना ६ मध्ये. अमुक मयत, वारस अमुक-अमुक, वाटप झालं, बहिणीने हक्क सोडला. एकेका नोंदीत तीन पिढ्यांची नावं सहज मिळतात. त्याच्या जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, ज्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मग ते काम राज्यभर पसरलं, तेव्हा हीच पुस्तकं, शाळांचे जनरल रजिस्टर आणि जुने महसुली कागद कपाटांतून बाहेर निघाले. त्या निमित्ताने वंशावळ हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीवर पोचला.

दहिसरची एक खास अडचण आहे. मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली, पण दहिसर आणि मुलुंड आत आले ते १९५७ मध्ये. त्याआधी हे ठाणे जिल्ह्यातलं गाव. आजचा मुंबई उपनगर जिल्हा तर १९९० चा. त्यामुळे पणजोबाचा कागद 'मुंबई' म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही. ठाणे म्हणून शोधावा लागतो, आणि त्याआधीचा असेल तर साष्टी या जुन्या तालुक्याच्या नावाने.

ही साष्टी सगळ्यात जास्त उपयोगी पडते त्र्यंबकेश्वरला. तिथल्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. लांबट, जाड, लाल कापडात बांधलेल्या. गुरुजी आधी आडनाव विचारतच नाहीत.

"गाव?"

"दहिसर."

"तालुका?"

"बोरिवली."

"तो आत्ताचा. जुना सांगा."

साष्टी म्हटल्यावर दुसरीच वही खाली येते. पान उघडलं की आधी बाळबोध अक्षरांतल्या, बॉलपेनच्या नोंदी : कोण आलं, कशासाठी आलं, वडील, आजोबा, चुलते, मुलगे, खाली सही. मागे मागे जावं तसं पेन जाऊन टाक येतो, शाई तपकिरी होते, आणि एका पानानंतर अक्षर मोडी होतं. आलेल्या माणसाला लिहिता येत नसेल तिथे गुरुजींच्याच हातची नोंद आणि बाजूला अंगठा किंवा निशाणी. एकाच कुळातले दोन भाऊ वेगवेगळ्या वर्षी आलेले असतात, आणि दोघांनी सांगितलेली नावं ताडून पाहिली की कुठे चूक आहे ते समजतं. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, त्या वर्षांची पानं गच्च भरलेली असतात. वहीतली नोंद सांगणाऱ्याने स्वतः तिथे जाऊन, आपल्या माणसांची नावं आठवून केलेली असते. वंशावळीच्या कामात मला तिच्याइतका भरवशाचा कागद दुसरा दिसत नाही.

मोडी वाचता येत नाही म्हणून पुष्कळ जण या पानावरून परत फिरतात. तसं करू नये. मोडी काही महिन्यांच्या नेटाने येते. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे. तिथल्या दफ्तरखान्याची सुरुवात १८२१ ची. या खात्यातर्फे मोडीचे वर्गही चालतात. घराण्यात एका मुलाने किंवा मुलीने मोडी शिकली तर सगळ्या भावकीचं काम होतं.

तीर्थाच्या वहीचा उपयोग परदेशातल्या मंडळींनी आपल्या आधी ओळखला. मॉर्मन पंथाचे लोक १८४७ मध्ये शेकडो कोस चालत पश्चिमेला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. पूर्वजांची नावं शोधणं हा त्यांच्या धर्माचरणाचाच भाग. त्यांनी १८९४ मध्ये युटात वंशावळ संस्था काढली, आणि पुढे त्या संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म करून ठेवली. आपल्या त्र्यंबकच्या, नाशिकच्या वह्यांचंही असं पद्धतशीर चित्रण व्हायला हवं, गुरुजींचा हक्क आणि मान राखून. वाळवी आणि ओल कुणाची वाट बघत नाहीत.

दहिसरच्या वंशावळीची दुसरी अर्धी बाजू मात्र त्र्यंबकला सापडत नाही. ती सापडते चर्चमध्ये. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. दहिसर-बोरिवलीच्या हद्दीवरची मंडपेश्वरची लेणी फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ताब्यात घेऊन तिथे चर्च केलं, डोंगरावर मठ बांधला. आजही त्या लेण्यात एकीकडे नटराज आणि एकीकडे भिंतीवर कोरलेला क्रूस बघायला मिळतो. गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नाव-आडनाव आलं, आणि कालचा म्हात्रे परेरा झाला असेल, राऊत डिमेलो झाला असेल. चिमाजी आप्पांच्या फौजांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा हे लोक तसेच राहिले : घरात मराठी बोलणारे, भात लावणारे, लग्नात हळद लावणारे. आपल्याला ईस्ट इंडियन म्हणायचं हे त्यांनी ठरवलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी.

आडनाव बदललं की वंशावळ संपली असं वाटतं, पण या समाजाने मूळ ओळख पुसू दिली नाही. वाडवळ, कुळबी, सामवेदी, कोळी हे भेद त्यांच्यात पुढेही टिकले, सोयरिकी त्याप्रमाणे होत राहिल्या. आणि चर्चची नोंदवही काही बाबतींत तीर्थाच्या वहीला मागे टाकते. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदी ठेवणं धर्मगुरूंवर बंधनकारक केलं. त्यात तारीख असते, आईबापांचं नाव असतं, धर्मपिता आणि धर्ममाता असतात. तीर्थाच्या वहीत दिसतात यात्रेला गेलेले पुरुष. इथे बाप्तिस्मा झालेलं प्रत्येक मूल दिसतं, आठवड्याभरात गेलेलंसुद्धा. मराठ्यांच्या स्वाऱ्यांत मठ-चर्चं मोडली, कागद गेले, त्यामुळे सलग नोंदी पुष्कळ पुढच्या काळापासून मिळतात. तरीही एकाच गावठाणातली दोन घरं, एक त्र्यंबकच्या वहीत आणि एक चर्चच्या रजिस्टरात, शेजारी ठेवून वाचायला हवीत. दोघांच्या जमिनी एकाच बांधावर असतील, तर चारशे वर्षांपूर्वी ती एकाच भावकीची असण्याची शक्यता तपासण्यासारखी आहे. हे काम दोन्ही घरांतल्या माणसांनी मिळून केलं तरच होईल.

कागद जिथे थांबतो तिथे कुळाचार उपयोगी पडतो. कुलदैवत कुठलं? कार्ल्याची एकवीरा सांगणारे कोळी आहेत, आगरी आहेत, सीकेपी आहेत, पाठारेही आहेत. म्हणजे नुसतं कुलदैवत सांगून भागत नाही. लग्नात देवक कशाचं बसतं, कुलधर्माला नैवेद्य काय, श्राद्धाला कुणाची नावं घेतात, हे विचारायचं. एक देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही, त्यामुळे 'त्यांच्यात आपलं लग्न जमत नाही' एवढ्या एका वाक्यातून विसरलेली भावकी उघडी पडते.

हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि घरात जपलेले कागद त्याहून थोडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तुळशीकडून येणारी आमची दहिसर नदी त्या दिवशी काठावरच्या घरांत शिरली. भांडी पुन्हा घेता आली. ट्रंकेतली जमिनीची खतं, जुन्या लग्नपत्रिका, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, यांचा लगदा झाला तो झालाच. तेव्हा ज्यांच्याकडे काही शिल्लक आहे त्यांनी या दिवाळीत भावकी जमेल तेव्हा प्रत्येक कागदाचा मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढावा, मागची बाजूसुद्धा, आणि तो किमान तीन घरांत ठेवावा.

सगळ्यात आधी बसावं ते आजीपाशी. आपल्या छापील कुलवृत्तांतांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या फांद्या पसरलेल्या असतात आणि बायका कंसात असतात, किंवा नसतातच. पण माणसं कुठून कुठे गेली याचा खरा नकाशा माहेरांनी बनतो. आजी आगाशीची, तिची आई केळव्याची, तिच्या आईची आई डहाणूकडची, असं तीन पिढ्यांचं माहेर लिहून काढलं की किनाऱ्याने खाली उतरलेली वाट समोर दिसू लागते, आणि बखरीने सांगितलेल्या वाटेशी ती ताडून बघता येते. सासरी आल्यावर तिचं नाव बदललेलं असेल तर माहेरचं नाव आवर्जून विचारावं, कारण फेरफारात बहिणीचा हक्कसोड त्या नावाने लिहिलेला असू शकतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. त्या आधीच्या सगळ्या आयांची नावं मात्र आपल्यालाच लिहावी लागतील.