जब्याचा दगड लागला कुणाला?

'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो लागतो कुणाला?

डहाणूजवळच्या नरपडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली संध्याकाळी पोरांचा घोळका बसलेला असतो, त्यात हा प्रश्न टाकून बघा. एक म्हणेल, चिडवणाऱ्या त्या पोराला. दुसरा म्हणेल, अख्ख्या गावाला. तिसरा जरा थांबून म्हणेल, 'मला.' आणि एकाचं उत्तर हमखास ठरलेलं असतं: 'पिक्चर भारी, पण शेवट अर्धवट सोडलाय राव!' आता गंमत बघा. नागराज मंजुळेंच्या २०१३ सालच्या या चित्रपटात गावासाठी डुकरं पकडणाऱ्या घरातल्या शाळकरी जब्याच्या हातातून दगड सुटतो, थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो आणि पडदा काळा होतो. संपलं. तो कुठे पडला, कुणाला लागला, यातलं काहीच पडद्यावर नाही. मग ही सगळी उत्तरं आली कुठून?

'मला वाटतं त्याला असं म्हणायचंय' हे वाक्य आपण पिक्चर पाहून बाहेर पडताना इतक्या सहज बोलतो, की त्यामागे डोक्यात केवढा कारखाना चालू आहे याचा पत्ताच लागत नाही. त्या कारखान्यात शिरायचं तर अगदी तळापासून सुरुवात करावी लागेल. तळाशी असलेली पहिलीच गोष्ट चक्रावून टाकणारी आहे: पडद्यावर काहीही हलत नाही.

चित्रपट म्हणजे सेकंदाला चोवीस स्थिर छायाचित्रं. रिळांच्या जमान्यात प्रोजेक्टरमध्ये एक चित्र येऊन थांबायचं, त्याच्यावर प्रकाश पडायचा, मग झडप मिटायची आणि त्या अंधारात पुढचं चित्र सरकून जागेवर यायचं. पडदा लुकलुकतोय हे कळू नये म्हणून प्रत्येक चित्र दोनदा उजळवलं जायचं. म्हणजे झडप सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा मिटायची. जरा हिशोब करा. टॉकीजमध्ये बसून पाहिलेल्या दोन तासांच्या पिक्चरपैकी जवळजवळ एक तास तुमच्यासमोर मिट्ट काळोख होता. तिकिटाचे पैसे पुरे घेतले, पिक्चर अर्धाच दाखवला आणि आजवर एकानेही तक्रार केली नाही!

शाळेत आपल्याला याचं सोपं कारण सांगतात, की डोळ्यात चित्र क्षणभर रेंगाळतं. पण नुसतं रेंगाळलं असतं तर एकावर एक चित्रं साचून लगदा झाला असता. हालचाल कुठून दिसली असती? १९१२ साली माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने दोन रेषा आलटून-पालटून, ठरावीक वेगाने दाखवल्या. रेषा जागच्या जागी होत्या, तरी माणसांना इकडून तिकडे काहीतरी सरकताना दिसलं. ती हालचाल मेंदूने स्वतः तयार केली होती. आज मोबाइलवर पिक्चर बघताना झडपेचा अंधार गेला, पण चित्रं स्थिरच आहेत. 'फँड्री'तलं धावणारं डुक्कर आणि त्याच्यामागे धावणारा जब्या, दोघांनाही आपणच धाववतो.

पण आपला मेंदू हालचालीवर थांबतो थोडाच?

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरिएन झिमेल या दोघांनी एक छोटीशी फिल्म बनवली. पात्रं तीन: एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ. ना डोळे, ना तोंड, ना आवाज. एक दार असलेला चौकोन आणि त्याच्या आत-बाहेर फिरणारे हे तीन आकार. चौतीस जणांना विचारलं, काय पाहिलंत? त्यातल्या एकाच व्यक्तीने सांगितलं, की त्रिकोण असा सरकला आणि वर्तुळ तसं सरकलं. बाकीच्यांनी गोष्टी सांगितल्या. मोठा त्रिकोण दांडगट आहे, धाकट्याला मारतो, बिचारं वर्तुळ घाबरून घरात लपतं!

डहाणू-तलासरीच्या माणसाला खरं तर याचं नवल वाटायला नको. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर एक वर्तुळ ठेवलं, काडीसारखे हातपाय काढले की वारली चित्रातला माणूस उभा राहतो. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांच्या सोबतीने आकाराला येणारा देवीचा चौक. चेहऱ्यावर डोळा नाही, ओठ नाही, तरी तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं नाचताना दिसतात की नाही? कोण दमलंय आणि कोण नुकतंच फेरात शिरलंय, तेही ओळखू येतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी हे त्रिकोण कागदावर आणले आणि जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणसाला माणूस वाटायला किती थोडं पुरतं, हे प्रयोगशाळेने १९४४ मध्ये मोजलं. हे चौक रेखाटणाऱ्या इथल्या सुवासिनींना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

आता पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात अफाट. दोन चित्रं एकामागून एक ठेवली की तिसरंच काहीतरी जन्माला येतं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या तरुण दिग्दर्शकाने मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला. तो एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीतल्या मुलीला, एकदा एका सुंदर स्त्रीला. प्रेक्षक अभिनयावर खूश झाले, असं सांगतात. काय ती भूक, काय ते दुःख, काय ती अभिलाषा! चेहरा तिन्ही वेळा तोच होता, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दिग्दर्शक फक्त ठिपके मांडतो. रांगोळीच्या रेषा आपण ओढतो आणि वर रांगोळी त्याने काढली म्हणून त्याचं कौतुक करतो.

याचं सर्वात झकास उदाहरण आपल्याच घरचं आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत एका तंबूवजा थिएटरात एक गृहस्थ 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघत बसले होते. पडद्यावर येशू होता आणि या गृहस्थांच्या डोळ्यांपुढून सरकत होते कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या! हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतःच लिहिला. मग ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर वाढताना दाखवणारी जेमतेम मिनिटभराची फिल्म करून त्यांनी पैसा घालणाऱ्याची खात्री पटवली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतीय सिनेमाचा उगम शोधत गेलात तर तुम्ही अशा एका प्रेक्षकापाशी पोचता, ज्याला समोर नसलेला पिक्चर दिसला.

दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि बाकीचं प्रेक्षकावर सोडायचं, 'फँड्री'त मंजुळे याच खुबीवर खेळतात. जब्याचा बाप कचरू आणि त्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुकराला कसलं राष्ट्रगीत? ते निघून जातं. आपण हसतो आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. पुढे त्याच डुकराला बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा. कुणी एक अक्षर बोलत नाही. ज्याला ती चित्रं कुणाची हे माहीत नाही, त्याच्यासाठी तिथे फक्त रंगवलेली भिंत आहे.

इथपर्यंत वाटेल, की प्रत्येक जण आपापला पिक्चर बघतो. तसंही नाही! २००९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी लोकांना 'मिस्टर बीन' दाखवला आणि त्यांच्या पापण्यांवर लक्ष ठेवलं. वेगवेगळे बसलेले लोक बऱ्याचदा एकाच क्षणी पापणी लववत होते! महत्त्वाचं काही निसटू नये म्हणून मेंदू कृती संपण्याची वाट बघतो आणि मग डोळे मिटतो. निसर्गदृश्यांची फिल्म लावली, तर हा मेळ बसला नाही. गोष्ट हवी.

उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन प्रेक्षकांच्या मेंदूतल्या हालचाली ताडून पाहिल्या. हिचकॉकच्या एका टीव्ही-भागाने मेंदूच्या बाहेरच्या थराचा सुमारे ६५ टक्के भाग सगळ्यांमध्ये एका तालात आणला. बागेत नुसता कॅमेरा ठेवून टिपलेल्या चित्रणात हा आकडा ५ टक्क्यांच्याही खाली गेला. म्हणजे कसलेला दिग्दर्शक आपलं लक्ष अक्षरशः हातात धरून चालवतो. 'सैराट'मधल्या 'झिंगाट' गाण्यावर थिएटरात एकाच वेळी सगळे उठून नाचले आणि त्याच पिक्चरच्या शेवटी आवाज पूर्ण बंद झाल्यावर एकाच वेळी सगळे गोठले, ते उगाच नव्हे.

मग चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' बघा. २०१४ चा हा चित्रपट तो हात मुद्दाम सोडून देतो. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप असलेला लोकशाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, कोर्टाच्या तारखांवर तारखा काढतो. कॅमेरा लांब उभा, न हलता. कुणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवा. वारली भिंतीपुढे उभं राहिल्यावर नजर जशी लग्नाकडून शेताकडे आणि शेताकडून झाडाकडे मनाला येईल तशी फिरते, तसंच इथे होतं. म्हणूनच या पिक्चरवर दोन माणसांचं एकमत होणं मुश्कील. 'बोअर आहे' म्हणणारेही भेटतात आणि त्यांना मी दोष देत नाही. हात धरून चालायची सवय लागली की मोकळं रान कंटाळवाणं वाटणारच. पण पहाटे डहाणू रोडहून लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या बाईला विचारा. दिवसभर कोर्टात कलमं वाचून संध्याकाळी लोकलने घरी जाणारी पिक्चरमधली सरकारी वकील तिला ओळखीची वाटेल, आणि नेमकं तेच तिला खटकेल. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. वाटतं, झालं. तर पुढच्या दृश्यात न्यायाधीश महाराज चक्क रिसॉर्टवर! आमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येणारी अशी मंडळी पाहिलेल्याला हे दृश्य जितकं बोचेल, तितकं त्या गाड्यांत बसून येणाऱ्याला बोचेल का?

याचंही उत्तर शोधून झालंय. २०१७ च्या एका प्रयोगात दोन गटांना तीच गोष्ट ऐकवली. फरक इतकाच, की आधी एका गटाला सांगितलं, बायको फसवतेय. दुसऱ्याला सांगितलं, नवरा उगाच संशय घेतोय. शब्द तेच, आवाज तोच. पण अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागांत दोन्ही गटांच्या हालचाली वेगळ्या निघाल्या, आणि एकेका गटात मात्र सारख्या. एका वाक्याने गोष्ट बदलली. मग आयुष्यभर ज्या गावात राहिलो त्याने किती बदलत असेल?

१९८० चा गोविंद निहलानींचा 'आक्रोश' घ्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, जवळपास संपूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. त्याचा तरुण वकील नसीरुद्दीन शाह जंग जंग पछाडतो, पण लहान्या गप्प. शहरातल्या प्रेक्षकाला ते मौन कोडं वाटतं. तलासरीत, जिथे जमीनदारांविरुद्धच्या १९४५ च्या वारल्यांच्या उठावाच्या आठवणी घरोघरी सांगितल्या गेल्या, तिथे ते कोडं वाटणार नाही. साक्ष दिली की काय होतं, ते तिथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या वकिलाचं नाव माहीत आहे? भास्कर कुलकर्णी. आणि १९७० च्या दशकात गंजाडच्या बाजूला येऊन जिव्या सोमांची चित्रं बाहेरच्या जगापुढे नेणारे, त्याआधी बिहारमध्ये मधुबनी चित्रकर्त्या बायकांच्या हाती कागद देणारे चित्रकार, त्यांचं नाव? भास्कर कुलकर्णी! नावसाधर्म्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण ज्याला हे नाव ठाऊक आहे, त्याला 'आक्रोश'मध्ये आदिवासीपुढे उभा राहून 'बोल, काहीतरी बोल' म्हणणारा हा वकील आता पहिल्यासारखा दिसेल का? एकाला आदिवासीला बोलतं करता आलं नाही आणि दुसऱ्याने भिंतीवरचं बोलणं ऐकलं, असा एक नवाच पिक्चर तुमच्या डोक्यात आत्ता सुरू झाला असेल, तर तो निहलानींनी काढलेला नाही.

'आक्रोश' आणि 'कोर्ट' लागोपाठ बघा, शक्यतो दोघा-चौघांनी मिळून. आणि एवढंच करा: संपल्या संपल्या अर्थ सांगायला सुरुवात करू नका. आधी त्याला बोलू द्या, जो म्हणाला 'मला काही कळलं नाही'.