मुरुमांची गोळी आणि पोटाची कुरकुर

तोंडावर मुरूम आले, की आपल्याकडे पहिला संशय पोटावर जातो. "पोट साफ होत नाही," "अंगात उष्णता वाढली आहे," "तळलेलं खाणं बंद कर पाहू" असे म्हणत घरातली वडील माणसे त्रिफळ्याचे चूर्ण, इसबगोल, नाही तर एरंडेल पुढे करतात. खरे पाहता मुरुमांचे मूळ कातडीतच असते. वयात येताना शरीरातील काही संप्रेरके वाढतात. त्यामुळे कातडीतल्या तैलग्रंथी अधिक तेल तयार करू लागतात. केसांच्या मुळाशी असलेली बारीक छिद्रे बुजतात, आत कोंडलेल्या तेलावर एरवी निरुपद्रवी असणारे जंतू माजतात, आणि मग तिथे लाली, सूज, पू ही सारी मंडळी जमतात. साखर भराभर वाढवणाऱ्या आहाराचा काहीजणांच्या मुरुमांशी संबंध आढळला आहे, नाही असे नाही. पण रेचक घेऊन मुरूम जात नाहीत.

गंमत पुढेच आहे. डॉक्टरांनी मुरुमांवर पोटात घ्यावयाचे औषध दिले, की पोटाची तक्रार कधी कधी खरोखरच उभी राहते. मळमळते, छातीत जळजळते, जुलाब होतात. मग घरात म्हणतात, "सांगत नव्हते मी, पोटच बिघडलंय!" आणि त्या औषधावर चूर्णाचा आणखी एक थर चढतो. औषधामुळे झालेला त्रास हाच आजाराचा पुरावा ठरतो आणि इलाज भलतीकडेच चालू राहतो.

आता वांद्र्याकडेच पाहा. पूर्वेला चेतना कॉलेज, पश्चिमेला नॅशनल कॉलेज. सकाळी स्टेशनाच्या पुलावर सोळा ते बावीस वर्षांची सगळी दुनिया लोटलेली असते. त्यातच सिनेमावाल्यांची वस्ती म्हणून ह्या उपनगराची ख्याती. इथे चेहऱ्याला जरा जास्तच भाव आहे, असे म्हटले तर वांद्रेकरांनी रागावू नये. हिल रोडवरच्या औषधांच्या दुकानात चेहऱ्यावरच्या मलमांचे कप्पेच्या कप्पे भरलेले दिसतील. मलमाने भागले तर उत्तमच. सौम्य मुरुमांना बहुधा तेवढे पुरते. पण गाठी येऊ लागल्या, पाठ आणि छातीही धरली, व्रण राहू लागले, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ पोटात घ्यावयाचे औषध लिहून देतात. त्यात पुष्कळदा नाव असते डॉक्सिसायक्लिनचे.

हे टेट्रासायक्लिन घराण्यातले प्रतिजैविक. घराण्याचा मूळ पुरुष ऑरिओमायसिन. तो 1948 साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून जगापुढे आला. बेंजामिन डगर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून तो मिळवला, आणि त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्सिसायक्लिन हे त्याच घराण्यातले धाकटे पात. ते 1967 पासून वापरात आहे. मुरुमांसाठी ते बहुधा दिवसाला 50 ते 100 मिलिग्रॅम देतात. औषध चांगले आहे आणि दोन-तीन महिन्यांत गुणही येतो. मात्र ते गिळण्याची एक रीत आहे, आणि बराचसा त्रास ती रीत चुकल्यामुळे होतो. म्हणून इथे थोडे थांबू या.

तोंडापासून जठरापर्यंत अन्न नेणारी नळी, म्हणजे अन्ननलिका, मोठ्या माणसात सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते. ती सगळीकडे सारखी रुंद नसते. छातीच्या मध्यावर हृदयातून निघालेल्या महारोहिणीची कमान तिला टेकून जाते. तिथे ती किंचित दाबलेली असते. घास मऊ असतो, ओला असतो, तो निसटून जातो. कॅप्सूलचे वेष्टन मात्र जिलेटिनचे. ते ओलसर झाले, की चिकट होते. पाण्याचा एखादाच घोट मागे गेला असेल, तर कॅप्सूल त्या अरुंद जागी चिकटून बसते आणि तिथेच विरघळू लागते. विरघळलेले डॉक्सिसायक्लिन लिंबाच्या रसाइतके आंबट असते. जठराला आंबटाची सवय आहे, त्याचे अस्तर त्यासाठीच घडलेले आहे. अन्ननलिकेचे तसे नाही. काही तासांत तिथे भाजल्यासारखी जखम होते. दुसऱ्या दिवशी छातीच्या हाडामागे कळ येते, गिळताना भाल्याने टोचल्यासारखे वाटते, पाण्याचा घोटही नकोसा होतो. वीस वर्षांच्या धडधाकट मुलाला हृदयविकाराची शंका यावी, इतके हे दुखणे घाबरवते.

आणि हे बहुतेक रात्री होते, बरं का. झोपेत लाळ कमी सुटते, गिळण्याची क्रिया जवळजवळ थांबते, आणि आडवे झाल्यावर गोळीला खाली ओढणारे वजनही उपयोगी पडत नाही. गोळी गिळून लगेच उशीवर डोके टेकणे, हाच ह्या दुखण्याचा राजमार्ग.

मग रात्रीच का घेतात? ह्याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडायचे नाही. ते आपल्या घरांत आहे. एखादा मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. वांद्रे पूर्वेला दोन खोल्यांचे घर, पाच माणसे. मुरुमांवरून भावंडे चिडवतात, आत्याबाई आल्या की "अरे, चेहरा काय झालाय तुझा!" म्हणतात, आणि वडिलांच्या मते तोंडाला औषध लावणे हीच मुळी चैन. तो डॉक्टरांकडे मित्राबरोबर जातो. गोळ्यांची पट्टी दप्तराच्या आतल्या कप्प्यात राहते. दिवे मालवल्यावर, कुणाला भांड्याचा आवाजही ऐकू जाऊ नये म्हणून, कोरडीच नाही तर एका घोटाबरोबर गोळी आत ढकलतो आणि पांघरूण ओढून घेतो. मुलींच्या बाबतीत तर लपवाछपवी दुप्पट. कसली गोळी घेते म्हणून भलतेसलते प्रश्न निघतील, ही धास्ती. दुखणे लपवायला सांगणारी लाज इथे प्रत्यक्ष अन्ननलिकेला जखम करते. दुखू लागले तरी ते सांगता येत नाही, कारण मग गोळीचेही सांगावे लागेल. जेवण कमी होते, वजन उतरते, आणि घर म्हणते, "कॉलेजच्या अभ्यासानं पोर वाळलं."

आईवडिलांना माझे सांगणे एवढेच, की ही गोळी जेवणाच्या ताटाशेजारी उघड ठेवू द्या.

रीत अगदी साधी आहे. दिवसा, जेवण झाल्यावर, बसून किंवा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी; आधी दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करावा. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, आडवे होऊ नये. फलाटावर लोकल पकडता पकडता कोरडी गोळी गिळणे हेही तितकेच वाईट. जेवणावर घेतल्याने मळमळही पुष्कळ कमी होते. रिकाम्या पोटी घेणाऱ्याला ती हमखास छळते. इथे जुन्या लोकांची एक गफलत होते. "टेट्रासायक्लिन उपाशीपोटीच घ्यायचं असतं" असे त्यांनी ऐकलेले असते. जुन्या टेट्रासायक्लिनला ते लागू होते. अन्नाने, विशेषतः दुधाने, त्याचे शोषण फारच घटते. डॉक्सिसायक्लिनचे थोडेसेच घटते, म्हणून डॉक्टर ते खुशाल जेवणावर घ्यायला सांगतात. तरीसुद्धा ते दुधाबरोबर गिळू नये, आणि वाटीभर दही-ताक खायचे ते एक-दोन तासांच्या अंतराने खावे.

दुधाचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच दुसरा मोठा घोळ दडलेला आहे. ह्या घराण्यातली औषधे धातूंच्या कणांना घट्ट मिठी मारतात. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, सगळ्यांना. मिठी पडली, की ती जोडी आतड्यातून रक्तात शिरत नाही. तशीच बाहेर पडते. आता पाहा कसे होते ते. गोळीने छातीत जळजळले. मुलगा दुकानातून पित्तावरची चघळायची गोळी नाही तर ते पांढरे-गुलाबी पातळ औषध आणतो. त्यात असते काय? ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. जळजळ थोडी शमते, पण मुरुमांचे औषध पोटातच अडकून पडते. महिना जातो, मुरूम तसेच. "ह्या डॉक्टरांच्या औषधाला गुण नाही" म्हणून तो दुसरीकडे जातो, तिथे आणखी जहाल औषध सुरू होते. मुलींना रक्त वाढवण्यासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचेही असेच. पित्ताचे किंवा लोहाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांनी दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवून दिले, की प्रश्न मिटतो.

जुलाबांची गोष्ट निराळी. आतड्यात अब्जावधी जंतू सुखाने नांदत असतात आणि ते पचनाला हातभार लावतात. प्रतिजैविक मुरुमांच्या जंतूंवर सोडले तरी ह्या शेजाऱ्यांनाही त्याचा फटका बसतो. दोन-चार दिवस शौचाला पातळ होणे, पोटात गुरगुरणे, हे त्यामुळे घडते आणि बहुधा आपोआप थांबते. ॲझिथ्रोमायसिन आणि त्याच्या नात्यातले एरिथ्रोमायसिन ह्यांत आणखी एक खोड आहे: आतड्याला हलवणाऱ्या मोटिलिन नावाच्या संप्रेरकाची जागा ती घेतात आणि आतडे जोराने आवळते, म्हणून पोटात मुरडा येतो. एरिथ्रोमायसिनच्या ह्या खोडीचा उपयोग डॉक्टर मंदावलेले जठर चालते करण्यासाठीही करतात. मात्र जुलाब थांबेनात, ताप आला, शौचात रक्त किंवा आव पडू लागली, तर ते साधे नव्हे. आपले जंतू मेल्यावर मोकळ्या जागेत एक विषारी जंतू घर करतो. क्लिंडामायसिन पोटात घेतल्यावर हा धोका विशेष. अशा वेळी जुलाब बंद करणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये; विष आत कोंडले जाते.

आता राहिले आयसोट्रेटिनॉइन. फार हट्टी मुरुमांवर हे देतात. अमेरिकेत त्याला 1982 साली परवानगी मिळाली. हे प्रतिजैविक नव्हे, अ जीवनसत्त्वाच्या नात्यातले द्रव्य आहे, आणि ते तेलातुपात विरघळते. म्हणून इथे उपदेश वेगळा: ते भरल्या पोटी, थोडे स्निग्ध असलेल्या जेवणाबरोबर घ्यावे. उपाशीपोटी घेतले तर पुष्कळच कमी शोषले जाते. ओठ फुटणे हे तर ठरलेलेच. पोटाच्या बाजूने यकृत आणि रक्तातली चरबी ह्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून डॉक्टर रक्त तपासून घेतात, "चेहऱ्याला रक्त कशाला तपासायचं?" असे म्हणून ती चिठ्ठी फाडू नये. चरबी फारच वाढली, तर क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीत जाते आणि ओकाऱ्या होतात. तसे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ह्या औषधाने आतड्याचा दीर्घकाळचा दाह होतो का, यावरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तसा संबंध सिद्ध झाला नाही. तरी शौचात रक्त दिसले, तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दारू वर्ज्य, अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या वर्ज्य, आणि डॉक्सिसायक्लिनच्या घराण्यातले औषध ह्याच्या जोडीला कधीच नाही, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढवू शकतात. पोटाचा विषय नसला तरी एक सांगितलेच पाहिजे: गर्भाला ह्या औषधाने भयंकर व्यंगे येतात. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने औषध चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर गर्भ राहणार नाही याची पुरेपूर खबरदारी घ्यावयाची असते. डॉक्टर हा प्रश्न विचारतात तेव्हा तो अपमान समजू नये.

गिळताना दुखू लागले, तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. ही जखम औषध थांबवल्यावर बहुतेकांची काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत भरते. तोवर गार दूध, पेज, मऊ भात असे खावे, तिखट आणि कढत टाळावे. नुसतीच मळमळ असेल, तर औषध परस्पर बंद न करता वेळ आणि जेवण बदलून होते का, हे त्यांना विचारावे. जाताना गोळ्यांची पट्टी बरोबर न्या, आणि गोळी किती वाजता, कशाबरोबर घेता, नंतर झोपता का, हे न विचारता सांगा. निम्मे निदान तिथेच होते. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल, तर वांद्र्यातच महापालिकेचे भाभा रुग्णालय आहे, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे.

पट्टीवर तांबडी रेघ असते. तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घ्यायचे नाही. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिची पट्टी अर्धी वाटून घेणे कॉलेजात सर्रास चालते. उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्याही कपाटात पडून राहतात आणि कधी तरी कुणी तरी त्या धाकट्या भावंडाला तापासाठी देऊन टाकतो. टेट्रासायक्लिनची जात आठ वर्षांखालच्या मुलाच्या वाढत्या दातांतल्या कॅल्शियमलाही तीच मिठी मारते, आणि दातांवर पडणारे ते पिवळे-करडे डाग मग घासून जात नाहीत. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानदाराला दाखवून त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते विचारा, आणि कपाटाचा तो कोपरा आजच रिकामा करा.