कर्जखतातले पूर्वज

महाराष्ट्रातील सामान्य शेतकरी कुटुंबाने आपल्या पणजोबांचा कागद शोधावयास निघावे, असा प्रसंग परवापरवापर्यंत क्वचितच येत असे. २०२३ सालच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतील वर्षानुवर्षे न सुटलेली बासने सुटली. जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांची जनरल रजिस्टरे, मोडी लिपीतील महसुली पत्रके यांतून लक्षावधी नोंदी बाहेर आल्या. आरक्षणाच्या वादाचा निर्णय कसाही लागो. या शोधाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. बखरीत किंवा कुलवृत्तांतात ज्याला जागा मिळाली नाही, असा पूर्वजही कोठेतरी कागदावर असतो. तो कागदावर कशासाठी आला, हा प्रश्न मात्र या धांदलीत कोणी फारसा विचारला नाही.

वस्तुतः तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, घोड आणि भीमा यांच्या काठचे तालुके. सह्याद्रीचा पाऊस येथवर पोचता पोचता थकतो. त्यामुळे येथील माणसांच्या इतिहासाचा बराचसा भाग स्थलांतराचा आहे. कोणी येथे बाहेरून आला, कोणी येथून पश्चिमेकडे पुण्याला आणि घाट उतरून मुंबईला गेला. ‘आमचे मूळ अमुक गावचे’ हे वाक्य येथील घरोघरी ऐकू येते. परंतु मुळापासून आजच्या गावापर्यंतची वाट कागदाच्या आधाराने चालू गेल्यास जो पूर्वज भेटतो, तो घराण्याच्या आख्यायिकेतील शूर पुरुषाहून फार वेगळा असतो.

या बाबतीत अमेरिकेशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे अठराशे पन्नासपासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव नोंदले गेले, आणि बहात्तर वर्षांनंतर त्या याद्या लोकांना खुल्या होतात. १८६२च्या वसाहत कायद्याने पश्चिमेकडे जाणाऱ्याला एकशे साठ एकर जमीन मिळण्याची सोय झाली आणि प्रत्येक अर्जाची फाइल तयार झाली. साहजिकच आज तेथील नातू आपल्या पणजोबांची गाडी कोणत्या दशकात कोठे थांबली, हे घरबसल्या सांगू शकतो. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हे खरेच. पण स्थलांतर करणाऱ्याला राज्य काही देत होते, म्हणून त्याचे नाव लिहून ठेवत होते. आपल्याकडेही १८७२पासून जनगणना झाली. परंतु माणसांची नावे असलेले कागद आकडे काढून झाल्यावर जतन केले गेले नाहीत. येथे नाव टिकले ते जेथे काही घ्यावयाचे होते तेथे. राज्याला सारा घ्यावयाचा होता आणि सावकाराला व्याज.

मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेत गावचा शेतकरी दोन प्रकारचा असे. वंशपरंपरागत हक्काने जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. गावाच्या थळझाड्यात जुन्या घराण्यांची थळे लिहिलेली असत आणि ज्या घराण्याचा वंश संपला किंवा जे गाव सोडून गेले, त्याची जमीन ‘गतकुळ’ म्हणून नोंदली जाई. लढाई किंवा दुष्काळाने गाव ओस पडले, तर नव्या कुळांना बोलावण्यासाठी इस्ताव्याचा कौल दिला जाई. पहिल्या वर्षी सारा थोडा आणि पुढे क्रमाक्रमाने चढता. आज अनेक घराणी ज्याला आपला मूळ पुरुष मानतात, तो बहुधा अशाच एखाद्या कौलाने आलेला उपरी असावा. त्याच्या नावापुढे पराक्रमाचा उल्लेख सापडत नाही; सापडतो तो साऱ्याचा आकडा. आणि तो ज्या गावातून आला, तेथे त्याच्या जमिनीपुढे ‘गतकुळ’ हा एकच शब्द उरलेला असतो. एका गावचा आद्य पुरुष हा दुसऱ्या गावचा परागंदा असतो, हे या दोन कागदांवरून एकदम ध्यानात येते.

इंग्रजी अमदानीत कागद वाढला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात १८३६ साली जी जमाबंदी लागू केली, तिचा विस्तार शेजारच्या भीमथडीत आणि पुढे जिल्हाभर झाला. आजचा दौंड तालुका हा त्या जुन्या भीमथडीचाच भाग. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि प्रत्येक क्रमांकापुढे एका खातेदाराचे नाव आले. पण नाव आले की त्या नावावर कर्जही काढता येते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्याला हात सैल सोडून पैसा मिळाला. युद्ध संपताच भाव कोसळले, तर तीस वर्षांची मुदत संपल्यामुळे साऱ्याचे दर मात्र चढले. कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरवणारा १८५९चा कायदा ऋणकोच्या सोयीसाठी होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहिण्याचा तो परवाना ठरला.

हे खत लिहून घेणारा सावकार स्वतःही स्थलांतरितच होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी १८१७च्या अखेरच्या दिवशी येथूनच निघाली. छावणी, बाजार आणि सुरक्षित रस्ते यांच्या मागोमाग मारवाडातून व्यापारी आले. आधी आलेल्या नातलगाच्या दुकानात गुमास्ता म्हणून राहावयाचे आणि काही वर्षांनी स्वतःची पेढी मांडावयाची, असा त्यांचा क्रम असे. त्यांच्याही घराण्यात धाडसी मूळ पुरुषाची कथा सांगितली जाते आणि तिला आधार असतो तो भाटांच्या वह्यांचा आणि पेढीच्या चोपड्यांचा. तात्पर्य, येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा इतिहास एकाच चोपडीत लिहिला गेला. एकाचे नाव जमेच्या बाजूस आले आणि दुसऱ्याचे नावेच्या.

शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४च्या डिसेंबरात हा संबंध तुटला. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडावयास घेतले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे भर बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरली. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते आणि चोपड्या हिसकावून त्यांची होळी केली गेली. कागद गेला की कर्ज गेले, हा त्यांचा हिशेब होता. आज वंशजाच्या दृष्टीने पाहता त्यात एक विलक्षण विपरीतता आहे. ज्या कागदांत त्या शेतकऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जमीन लिहिलेली होती, तेच त्याने जाळले, आणि त्याने ते जाळले हे योग्यच होते. आपली ओळख कर्जापुरतीच उरावी, हे त्याला मान्य नव्हते.

सरकारने मात्र नवा कागद निर्माण केला. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने गावोगावच्या साक्षी आणि कर्जाचे तपशील गोळा केले. त्यातून आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत ग्राम निबंधकापुढे नोंदवणे आवश्यक केले. ज्या पूर्वजाने खत जाळले, त्याचा मुलगा निबंधकाच्या वहीत अंगठा उमटवून पुन्हा इतिहासात आला.

याच सुमारास पश्चिमेकडची वाट खुली झाली. पुण्याची आगगाडी दौंडवरून पुढे १८६० साली सोलापुरास पोचली होती. १८६३ साली बोरघाट पार झाला आणि मुंबई जोडली गेली. मुंबईत पहिली कापड गिरणी त्याआधीच, १८५६ साली, सुरू झाली होती. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात पाटी-फावडे घेऊन माणसे सरकारी कामांवर गेली. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. दुष्काळी कामाच्या हजेरीपटावरून गाडीच्या डब्यात आणि डब्यातून गिरणीच्या खात्यात, असा हा प्रवास होता. डॉ. हॅरॉल्ड मान आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची पाहणी करून १९२१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा केवळ शेतीवर निभावणारी कुटुंबे त्या गावात अगदी मोजकी असल्याचे आढळले. उरलेल्यांना कर्ज किंवा परगाव यांखेरीज तिसरा मार्ग नव्हता.

मुंबईला गेलेल्या या माणसाचा माग काढणे मात्र कठीण. गाळ्यात दहाबारा जणांनी मिळून राहावयाचे, खानावळीत जेवावयाचे आणि बदली कामगार म्हणून गिरणीच्या दाराशी उभे राहावयाचे, अशा आयुष्याची नोंद कोणी ठेवावी? याउलट, त्याच मुंबई बंदरातून आणखी पश्चिमेला मॉरिशसला करारावर गेलेल्या मराठी मजुराची नोंद आश्चर्य वाटावे इतकी पूर्ण आहे. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, मळा आणि पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जपलेले आहे आणि तेथील मराठी कुटुंबांतील पाचव्या-सहाव्या पिढीचा माणूस त्यावरून आपले मूळ गाव शोधू शकतो. समुद्रापलीकडे गेलेला सापडतो आणि घाट उतरलेला हरवतो. कारण उघड आहे. पहिल्याला करार मोडून पळू द्यावयाचे नव्हते; दुसरा पळाला तर त्याच्या जागी उभे राहावयास दुसरे शंभर होते.

तरीही शोधणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासूनच्या फेरफारांत वारसांची नावे क्रमाने सापडतात. गाव नमुना चौदातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मस्थान आणि आधीची शाळा, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हे सारे परस्परांशी ताडून पाहता येते. मुंबईत राहिलेला माणूस पितरांच्या श्राद्धाला गेला, की उपाध्यायाच्या वहीत मूळ गाव सांगतोच. त्याहून जुने हवे असेल, तर पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. अडचण मोडीची आहे. कागद आहेत आणि वाचणारे थोडे आहेत, ही स्थिती २०२३च्या शोधाने चव्हाट्यावर आणली. महाविद्यालयांतून मोडीचे वर्ग भरवणे आणि गावदप्तराच्या प्रती काढून ती वाळवीपासून वाचवणे ही कामे एखाद्या आंदोलनाची वाट पाहत थांबण्याजोगी नाहीत.

परंतु मुख्य प्रश्न जुन्या कागदांचा नाही, आजच्या कागदांचा आहे. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी कारखाने उभे राहिले, कालव्याचे पाणी आले आणि ज्या भूमीतून माणसे पश्चिमेला जात होती, तीच आता पूर्वेकडच्या माणसांचे पश्चिम झाली. बीड, जालना, पाथर्डी येथून दर दिवाळीनंतर ऊसतोड कामगार दौंड-शिरूरच्या फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा यावयाचे. या दोघांची पालावरची नोंद कोठे असते? मतदारयादी मागच्या गावात, रेशनकार्ड मागच्या गावात, मुलाची शाळा अर्ध्या वर्षापुरती. उसाच्या प्रत्येक टनाचा हिशेब कारखान्याच्या काट्यावर राहतो; तो तोडणाऱ्याचा राहतो मुकादमाच्या खिशातल्या वहीत. आणि त्या वहीतही नवऱ्याचे नाव असते. शेजारी वाकून मोळ्या बांधणाऱ्या बायकोचे बहुधा नसते.

करड्याच्या काळूरामाची चोपडी आणि मुकादमाची ही वही यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, तत्त्वाचे अंतर फारसे नाही. दोहींतही माणूस लिहिला जातो तो त्याच्याकडून येणे असते म्हणून. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले आहे, ओळखपत्रांची योजना आली आहे. ती गावोगाव पुरी व्हावी. उचलीचा करार सरकारी नोंदवहीत यावा, त्यात कोयत्याच्या दोन्ही हातांची नावे असावीत, आणि त्या नोंदीवर मजुरी, विमा आणि मुलांची शाळा यांचा हक्क उभा राहावा. १८७९ सालच्या परक्या सरकारला जे खतासाठी सुचले, ते आपल्या सरकारला उचलीसाठी सुचू नये, हे लाजिरवाणे आहे.

आणखी पन्नास-साठ वर्षांनी याच तालुक्यांत स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबातील मुलगी आपला मूळ पुरुष, किंवा मूळ स्त्री, शोधावयास बसेल. पूर्वेकडून कोयता घेऊन आलेली ती पहिली जोडी तिला कोठे सापडावी, हे आज ठरत आहे. त्या दोघांची नावे देणेकऱ्यांच्या यादीबाहेर, हक्कदार म्हणून एकदा तरी लिहिलेली असतील, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.