प्रकल्प कुणाचा?

'उद्या पावसाळ्याचा प्रकल्प आणावा' असा निरोप ज्युनिअर केजीच्या पालकांच्या ग्रुपवर आला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. रात्री आई कापसाचे ढग चिकटवते, बाबा कार्डशीटची छत्री कापतात, आणि ज्याच्या नावाने हे सगळे चालले आहे ते मूल केव्हाच झोपलेले असते. प्रकल्पाची कल्पना ज्यांनी मांडली त्यांना नेमके याच्या उलट हवे होते.

जॉन ड्यूई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशील शाळा काढली. तिथे मुले स्वयंपाक करत, विणत, सुतारकाम करत. गणित आणि विज्ञान त्या कामातूनच वर येई. त्यांचे शिष्य विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये 'द प्रोजेक्ट मेथड' हा निबंध लिहून या विचाराला पद्धतीचे रूप दिले. हेतू ठरवणे, आखणी, कृती आणि पारख अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. पहिली पायरी महत्त्वाची, कारण हेतू मुलाचा असला पाहिजे. पद्धत लोकप्रिय झाली तशी ती पातळही झाली. प्रकल्प म्हणून जे चालते त्यातले बरेचसे इतके अल्पजीवी आणि किरकोळ असते की त्यातून फारसे शिक्षण होत नाही, असे ड्यूईंनीच 1931 मध्ये बजावले.

बालशिक्षणात या विचाराला खरा बहर आला तो उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहरात. 1945 च्या वसंतात युद्ध संपताच जवळच्या व्हिला चेल्ला गावच्या लोकांनी, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांसाठी शाळा उभारायला घेतली. हे ऐकून सायकल मारत तिथे पोहोचलेले तरुण शिक्षक लोरिस मालागुझ्झी पुढे आयुष्यभर या कामात राहिले. 1963 मध्ये नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा उघडली.

तिथल्या दियाना शाळेतला एक प्रकल्प जगभर अभ्यासला जातो. वर्गाला आणखी एक टेबल हवे होते. सुतार म्हणाला, माप द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांना माप घेणे ठाऊक नव्हते, आणि शिक्षकांनी टेप काढून दिली नाही. मुलांनी आधी बोटे लावली, मग मुठी, वीत, पाय. ज्याची त्याची वीत वेगळी, म्हणून उत्तरही वेगळे. मध्येच मुले लांब उडीकडे वळली आणि उडी कशी मोजायची यावर बोलत बसली. कागदाच्या पट्ट्यांवर मनाला येतील तसे आकडे लिहून स्वतःचे मीटर बनवले. ते एकमेकांशी जुळेनात. मग एकाचा बूट सर्वांचे माप ठरला, आणि शेवटी खरी मीटरपट्टी हाती आली. तेव्हा 'सर्वांसाठी एकच माप' का लागते हे त्यांना कळले होते. शिक्षकांचे काम होते ऐकणे, टिपून ठेवणे आणि मधे न पडणे. ते साधले, कारण या शाळांत एका वर्गाला दोन शिक्षक असतात आणि शाळेत एक कलाशिक्षकही असतो.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वेगळ्या वाटेने सुरुवात केली. गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसोरी पद्धत रुजवलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. ते पुढे कोसबाडला गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आली. याला प्रकल्पपद्धती म्हणता येणार नाही. पण मूल जिथे जगते तिथूनच शिकण्याचा विषय उचलायचा, ही प्रकल्पाची पहिली अट कोसबाडने पैशाविना पुरी करून दाखवली.

आता धोरणही याच बाजूचे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, या टप्प्यासाठीच्या 2022 च्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ आणि अनुभवावर भर दिला. अडते ते अंगणवाडीच्या दारात. सेविका वजने घेते, आहार वाटते, गृहभेटी देते, पोषण ट्रॅकरवर नोंदी भरते. उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांची सगळी मुले एकत्र सांभाळते. शहरातल्या खासगी केजीत वेळ असतो, पण तो पहिलीची तयारी आणि वार्षिक प्रदर्शन यांत संपतो. मुलांनी तीन आठवडे विती मोजत बसणे यातल्या कुणालाच परवडत नाही.

म्हणून प्रकल्पाधारित शिक्षणाची चर्चा साहित्याच्या पेटीपासून नव्हे, माणसांपासून सुरू व्हायला हवी. वर्गात आणखी एक जाणते माणूस, सेविकेच्या डोक्यावरचा नोंदींचा भार कमी, आणि मुलाने अर्धवट, वाकडे काही घरी आणले तर ते तसेच पाहण्याची पालकांची तयारी, एवढे मिळाले तर अंगणातल्या मुंग्यांच्या रांगेवरही महिनाभराचा प्रकल्प होतो. हे नसेल, तर प्रकल्प रात्री जागून आई-बाबाच करतील.