दारू वाढवावी की गोळी?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा खास हंगाम असतो. त्यात चालते फक्त चकमकीची ठासणीची बंदूक. काळी दारू, तेलकट कापडात बसवलेली शिशाची गोल गोळी, आणि हाती एकच बार.

नवशिका दारू वाढवत जातो. पण गोल आकाराला हवा फार अडवते, आणि वेग जितका जास्त तितका हा अडथळाही मोठा. 0.50 इंची नळीतून सेकंदाला 1900 फुटांनी सुटलेली गोळी 100 यार्डांत सुमारे 40 टक्के वेग गमावते. ऊर्जा जेमतेम तिसरा हिस्सा उरते. जादा दारूचा फायदा वाटेतच विरतो, खांद्याला धक्का मात्र पुरता बसतो.

त्यापेक्षा गोळीच मोठी घ्यावी. व्यास 0.44 वरून 0.53 इंच केला की वजन साधारण सव्वाआठवरून साडेचौदा ग्रॅमवर जातं, कारण ते व्यासाच्या घनाने वाढतं. जड गोळी वेग टिकवते, खोल जाते. हरणाला तडफडत ठेवायचं नसेल तर हेच महत्त्वाचं, आणि अंतरही कमीच ठेवावं.

सरावात बार उडवल्यावर पडलेलं कापड उचलून पाहावं. जळलं किंवा फाटलं असेल तर दारू कमी करावी, नाहीतर जाड कापड घ्यावं. आधुनिक धूरविरहित दारू या नळीत कधीही भरू नये. तिच्या दाबाने नळी फुटते.